सप्टेंबरची वाट

तनुजा पुण्यातल्या वारज्याची. तिचे वडील श्रीधर पूर्वी शेती करत; शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, तसं त्यांनी रस्त्याकडेला हार्डवेअरचं दुकान टाकलं. तनुजा बी.कॉम. करून खराडीतल्या एका कंपनीत लागली. युरोपातल्या बँकांचे व्यवहार जुळवायचं काम. तिकडे सुट्टी कधी असते हे तिला इथल्या सणवारांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिकडच्या एका शहरातल्या बँकेशी फोनवर बोलताना पलीकडून ट्रामची घंटा ऐकू यायची आणि ती क्षणभर हातातलं काम विसरायची. फायनान्समध्ये मास्टर्स करायचं तर त्याच शहरात, हे तिने मनाशी पक्कं केलं.

विद्यापीठाने प्रवेश दिला, पण व्हिसा नाकारला गेला. कारण काय, तर शिक्षण संपल्यावर ती भारतात परतेल याची खात्री वाटत नाही.

श्रीधर म्हणाले, “सात पिढ्या आपण वारजं सोडलं नाही, आणि म्हणे ही परत येणार नाही!”

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. व्हिसा येईलच या भरवशावर नोकरीही सोडली. सप्टेंबर उजाडला, वर्ग सुरू झाले, तरी उत्तर येईना. तोवर ऑनलाइन बसायची परवानगी मिळाली. दुपारी आई, मुक्ताई, स्वयंपाकघर आवरून आडवी झाली की तनुजा लॅपटॉप उघडायची. मधल्या सुट्टीत मुलं कॉफीला जात, कॅमेरा मात्र चालूच राही. रिकाम्या बाकांपलीकडे एक खिडकी होती, खिडकीत झाडाची फांदी. तिची पानं पिवळी होताना तनुजाने वारज्यात बसून पाहिली. सुट्टी संपली की मुलं थंडीने लाल झालेली नाकं पुसत आत येत, आणि हिला पंख्याखाली घाम फुटलेला असे.

दिवाळीच्या तोंडावर दुसरा नकार आला. विद्यापीठानेही नाव कमी केलं. तनुजा घराबाहेर पडेनाशी झाली.

एक दिवस मुक्ताई म्हणाली, “त्या युरोपात दुसरं गाव नाही का गं?”

“आई, ते काय शेजारचं शिवणं गाव आहे का, वारज्यात नाही जमलं तर तिकडे?”

“नसेल. पण तुला अशी बसलेली मला बघवत नाही.”

तनुजा तणतणत उठून गेली. पण महिन्याभरात तिने पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरातल्या विद्यापीठाकडे अर्ज पाठवला. या खेपेला तिने मनात काहीच रंगवलं नाही. व्हिसा आल्याचं कळलं तेव्हा ती दुकानात खिळे तोलून देत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत तिने कुणाला सांगितलंही नाही.

आता ती पोर्टोत शिकते. अभ्यास जमतो, मैत्रिणीही मिळाल्यात. रविवारी घरी व्हिडिओ कॉल करते. बोलते ती मुक्ताईच. एकदा तनुजाने विचारलं, “बाबा कधीच कसे फोनवर येत नाहीत?”

मुक्ताईने आवाज खाली आणला. “तू दिसलीस की नंतर त्यांना जेवण जात नाही.”

तनुजा म्हणाली, “मी कॅमेरा बंद करते. दे त्यांना.”

श्रीधर खाकरले. “काय गं, पाऊस आहे का तिकडे?”

“आहे.”

“इथे नाही,” ते म्हणाले. आणि मग बापलेक बराच वेळ बोलत राहिले.