मेंबरांचा वज्रकेतू

आमचे भाऊजी कुठल्याच पंचायतीचे, सोसायटीचे किंवा बँकेचे मेंबर नव्हते, तरी सगळं कळंब त्यांना मेंबर म्हणायचं. नवी माणसं हमखास फसायची. नळाला पाणी नाही, नालीवरचं झाकण फुटलं, अशा तक्रारी घेऊन लोक त्यांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात यायचे. भाऊजी हातातली तांब्याची तार बाजूला ठेवून सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, "त्यातला मेंबर नाही न मी भाऊ. मी वज्रकेतूचा मेंबर आहो." इथे समोरच्याने गुपचूप उठून जायला हवं. पण एखादा विचारायचाच, "हा वज्रकेतू कोण?" त्याचं त्या दिवशीचं काम बुडालं म्हणून समजा.

वज्रकेतू हा भाऊजींच्या लहानपणी दर महिन्याला निघणाऱ्या एका हिंदी चित्रकथेचा नायक. बसस्टँडवरच्या पेपरवाल्याकडे तिची एकच प्रत यायची आणि ती भाऊजींची असायची. अंकातली कूपनं कापून पाठवली की वाचक मंडळाचं सभासदत्व आणि एक पत्र्याचा बिल्ला मिळे. कळंबात तो एकट्या भाऊजींनाच मिळाला. तेव्हापासून ते मेंबर. पुढे ती चित्रकथा एकाएकी बंद पडली. शेवटच्या अंकात वज्रकेतू एका खाणीत अडकलेला होता. वर तोंडाशी मोठी शिळा, खाली चढत जाणारं पाणी, हातातला कंदील विझायला आलेला, आणि त्याखाली 'शेष अगले अंक में'. तो अगला अंक आलाच नाही. त्यांच्याकडून मागून वाचणारी बाकीची पोरं महिन्याभरात विसरली. भाऊजी पोरसवदा होते ते बाप्ये झाले, पण त्यांचा माणूस खाणीतच राहिला.

माझ्या बहिणीला बघायला ते मुकुटबनला आले, तेव्हा हे काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. कांदेपोहे झाले, ताई खाली मान घालून बसली. वडील म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा." भाऊजींनी थोडा विचार केला आणि वडिलांनाच विचारलं, "तुमच्या इकडे वणीच्या बाजूनं खाणी आहेत म्हणते. वरून तोंड बंद झालं तर आतला माणूस कुठून निघत असन?" वडिलांना वाटलं, मुलगा मोठा अभ्यासू आहे. लग्न ठरलं.

आमच्याकडे जावयाला उलट बोलायची पद्धत नाही, आणि मी पडलो साळा. त्यामुळे वज्रकेतू सर्वांत जास्त वेळा कोणी ऐकला असेल तर मी. ते मला 'साळेबुवा' म्हणायचे आणि गोष्ट नेहमी पहिल्या अंकापासून सांगायचे. मी एकदा धीर करून म्हणालो, "भाऊजी, इथवरचं मला माहीत आहे, पुढचं सांगा." ते दुखावले. "मधातून सांगनं म्हणजे मोटारीले अर्धं वाइंडिंग करनं. फिरन काय ते?" साखरपुड्यात सांगितली, दवाखान्याच्या बाकावर सांगितली. माझ्या वडिलांच्या दहाव्याला आम्ही सगळे नदीवर कावळ्याची वाट बघत बसलो होतो, तिथेही सांगितली. कावळा शिवून गेला तरी गोष्ट संपली नव्हती. जावयाचं बोलणं तोडून उठायचं कसं, म्हणून सगळी भावकी उन्हात बसून राहिली.

मग काही वर्षांपूर्वी एक दिवस ते यवतमाळला माझ्या कचेरीत येऊन उभे राहिले. घाम आलेला, चप्पल दुकानातलीच. म्हणाले, "साळेबुवा, सुट्टी टाका."

"काहून? काय झालं?"

"हैदराबादले जाव लागते."

दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना फोनवर जाहिरात दाखवली होती. हैदराबादला चित्रकथा आणि सिनेमांच्या चाहत्यांचा प्रचंड मोठा मेळावा भरणार होता. वर नटांचे मोठमोठे फोटो, आणि खाली बारक्या अक्षरांत काही नावं. त्यांत वज्रकेतूची चित्रं काढणाऱ्या चित्रकाराचं नाव होतं. भाऊजींनी त्या नावावर बोट ठेवलं. "याले विचाराचं आहे," ते म्हणाले. काय विचारायचं ते मला विचारावं लागलं नाही.

ताईनं परकराच्या निळ्या सॅटिनचा झगा शिवून दिला आणि शिवताना मला फोनवर ऐकवलं, "लेकीच्या लग्नाचं पाहाव त् हे आपल्या अंगात आणून राह्यले. तू तरी समजाव न रे." मी समजावलं. भाऊजी म्हणाले, "मेंबरनं गणवेशात जाव लागते." झग्यावर पिवळ्या कापडाची वीज होती. शिवाय दुकानातल्या प्लास्टिक पाइपचं एक वज्र त्यांनी स्वतः करून चंदेरी रंगवलं होतं. पांढरकवडा, आदिलाबाद करत गाडी निघाली. वज्र त्यांनी रात्रभर मांडीवर धरलं. ड्रायव्हरने जरा ब्रेक दाबला की त्याचं टोक माझ्या बरगडीत.

दारं उघडायच्या कितीतरी आधी आम्ही तिथे पोहोचलो, कारण मेंबरनं पहिले पोचाव लागते. रांगेत सगळी विशीतली पोरं, रंगवलेल्या केसांची, चिलखतं घातलेली. भाऊजी खूश होते. "पाहा साळेबुवा, सारे आपलेच लोक." दारावरच्या गार्डने आमची पिशवी उघडली. ताईनं बांधून दिलेली भाकर आणि ठेचा त्याने बाजूला काढला. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाला. मग वज्र काढून घेतलं, कारण हत्यारही चालत नाही. मी भांडायला उठलो. मागून धडधडीत तलवारी घेऊन पोरं आत जात होती! गार्ड म्हणाला, त्यांच्या थर्माकोलच्या आहेत. भाऊजींनी मलाच आवरलं. "नियम म्हंजे नियम. जाऊ द्या." घरी भाजीत मीठ कमी पडलं तर तासभर बोलणारा हा माणूस!

आत एवढा गोंगाट होता की आपलाच आवाज ऐकू येईना. जिकडेतिकडे दुकानंच दुकानं, आणि त्यांवर आम्ही कधी न पाहिलेले परदेशी चेहरे. खाण्यासाठी रांग, बसायला जागा नाही. भाऊजी झगा सावरत एकेका दुकानात जाऊन विचारत होते, "वज्रकेतू है?" कोणाकडेच नव्हता. एक पोरगा नम्रपणे म्हणाला, "अंकल, आप बिजली डिपार्टमेंट से हो क्या?" एका पोरीने त्यांच्यासोबत फोटो काढला आणि ते कोण झालेत असं विचारलं. भाऊजींनी घसा साफ केला आणि पहिल्या अंकापासून सुरुवात केली. दुसऱ्या अंकापर्यंत मैत्रिणींनी तिला ओढून नेलं. दुपारपर्यंत भाऊजींचा चेहरा उतरला. "मले वाटलं होतं इथं तरी कोनी भेटन," ते म्हणाले. माझे पाय भरून आले होते, पोटात काही नव्हतं. मी म्हणालो, "मी घरीच सांगितलं होतं." त्यांनी ऐकलं नाही, किंवा तसं दाखवलं.

चित्रकाराचा कार्यक्रम मोठ्या मंडपात होणार होता. पण कोणी नट उशिरा आला, म्हणून तो मंडप नटाला दिला आणि चित्रकाराला मागच्या एका खोलीत ढकललं. ती खोली शोधण्यात आमचा जीव गेला. आत मूठभर माणसं होती, त्यांतली निम्मी फोन चार्ज करायला आलेली. चित्रकार म्हणजे एक वाळकासा म्हातारा, मांडीवर कापडी पिशवी. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने वज्रकेतूला 'वज्रसेतू' म्हटलं. भाऊजींनी बसल्या जागेवरून दुरुस्त केलं. तिने पुन्हा तेच म्हटलं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाली, तेव्हा भाऊजी उठले. झग्याची गाठ नीट केली. हात जोडले.

"सर, मैं कळंबसे आया. वज्रकेतू खदानसे बाहर कैसा निकला?"

म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. "कौन सी खदान?"

भाऊजींनी सांगितलं. शिळा, पाणी, कंदील. म्हाताऱ्याने बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाला, "भाई, सच कहूँ तो मुझे याद नहीं. लिखने वाले अलग थे. पन्ने आते थे, मैं चित्र बना देता था. किताब बंद हो गई, तो मैंने पूछा भी नहीं."

सूत्रसंचालिका "सो स्वीट" म्हणाली, टाळ्या वाजल्या, वेळ संपली. भाऊजी उभेच होते. मी हाताला धरून त्यांना बाहेर आणलं.

मला सगळ्यांचा राग आला होता. गार्डचा, नटाचा, त्या म्हाताऱ्याचा, आणि सर्वांत जास्त भाऊजींचा. एवढ्या लांब येऊन 'पूछा भी नहीं' ऐकायचं! मी म्हणालो, "चला आता, गाडी चुकेल." आम्ही फाटकापाशी आलो, तर तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर तोच चित्रकार एकटा बसलेला. त्याला न्यायची मोटार नटाकडे गेली होती. भाऊजी थबकले आणि सरळ त्याच्याकडे चालू लागले. आता हे म्हाताऱ्याला झापणार, असं वाटून मी मागे धावलो. पण भाऊजींनी कुठून तरी पाण्याची बाटली आणून त्याच्या हातात दिली, शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, "सच्ची याद नहीं?"

"नहीं, भाई."

"तो सुनो फिर."

आणि सुरू झाले. पहिल्या अंकापासून. मी घड्याळ बघत उभा. म्हातारा आधी नुसता मान हलवत होता. मग सरसावून बसला. वज्रकेतू घोड्यावर बसून वाळवंट ओलांडतो, त्या जागी हसत सुटला. "घोड़े के पैर मुझसे बनते ही नहीं थे! इसलिए मैं नीचे घास बना देता था."

भाऊजी अवाक् झाले. "वाळवंटमें घास?"

"हाँ, वहाँ भी."

भाऊजींना ते जिव्हारी लागलं, तरी गोष्ट थांबली नाही. लोक बाहेर पडत होते, झगा पाहून हसत होते. आमची गाडी एव्हाना स्टँडवरून सुटली असणार. भाऊजी खाणीपाशी आले. शिळा पडली. पाणी चढलं. कंदील फडफडला. भाऊजी थांबले. म्हातारा खुर्चीच्या काठावर आला होता. त्याने भाऊजींचा गुडघा धरला.

"फिर?"

भाऊजी त्याच्याकडे बघतच राहिले. "फिर क्या? फिर तो तुमने बताना था न!"

तेवढ्यात मोटार आली. म्हाताऱ्याला हात देऊन आत बसवलं. त्याने काच खाली केली आणि म्हणाला, "कुछ करो भाई. बेचारा अंदर ही बैठा है." मोटार गेली.

स्टँडवर दुसरी गाडी मिळेपर्यंत आम्ही जमिनीवर बसून होतो. साळा झाल्यापासून पहिल्यांदाच माझा तोल गेला. "भाऊजी, काढा न त्याले एकदाचं बाहेर! तुम्हीच काढा. एक दोरी टाका, शिळा फोडा, काहीही करा. कोण अडवून राह्यलं तुम्हाले?"

"मी कसा काढू?" ते म्हणाले. "मी मेंबर आहो."

यानंतर ते बोलले नाहीत. जन्मभर मी ज्या शांततेची वाट पाहिली, ती त्या गाडीत मिळाली आणि मला एक मिनिट झोप लागली नाही. पांढरकवड्याला चहाला उतरलो, तेव्हा कुठे तोंड उघडलं. "घोड्याले पायच नोहते," ते म्हणाले. "इतके वर्ष पाह्यलं, ध्यानातच आलं नाही."

घरी गेल्यावरही ते गप्पच होते. चार दिवसांनी ताईचा फोन आला, "काय केलं रे तू त्याहिले? बोलून नाही राह्यले. दुकानात एक जन वज्रकेतू कोन म्हनून विचारे, त् म्हने, होता एक." मी काय करणार होतो? मग महिन्याभराने पुन्हा गोष्ट सुरू झाली. पण आता तिला हैदराबाद जोडलेलं होतं. घोडा आला की गवताची हकीकत, आणि खाणीनंतर तो म्हातारा, मोटार, 'कुछ करो भाई', सगळं. म्हणजे मूळच्या दीडपट. आणि शेवट अजूनही नाहीच. लोक सुचवायचे. शेजारचे सत्तारभाई म्हणाले, पाणी चढतं ना, मग पोहत वर येईल. ताई म्हणाली, बायकोनं काढलं असेल, दुसरं कोण काढतं? भाऊजी चवताळून म्हणायचे, "त्याचं लग्न झालतं काय?" कोणाचाही शेवट त्यांनी मान्य केला नाही.

मागच्या हिवाळ्यात ते हृदयाच्या दुखण्याने यवतमाळच्या दवाखान्यात होते. एका दुपारी ताई जेवायला गेली होती, मी उशाशी होतो. ते म्हणाले, "साळेबुवा, लय तरास देल्ला मी तुम्हाले."

अशा वेळी काय म्हणतात ते मला माहीत होतं. पण तोंडातून निघालं, "हो, दिला."

ते इतके हसले की नर्स धावत आली. "आज खरं बोलले," तिला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले.

भाची सासरी गेली, ताई आता एकटीच असते. मी रविवारी कळंबला जातो. आम्ही बहीणभाऊ तुरीच्या शेंगा सोलत बसतो आणि भाऊजींच्या तक्रारी करतो. घोरायचे किती, बाहेर निघायला घाई किती, पंगतीत मीठ मागायचे किती मोठ्याने. ताईची एक झाली की माझी एक. पण सांगून सांगून त्या आता संपत आल्या आहेत, आणि हे दोघांनाही कळलं आहे. म्हणून हल्ली आम्ही जरा सावकाश बोलतो.