ईशान्य कोपऱ्याचा हात

होरिकावा-सान ईशान्य कोपऱ्याखालून कधी जात नसत. मचाणाचा जिना त्याच बाजूला होता, तरी ते देवळाला पूर्ण वळसा घालून यायचे. मी मोजलं. त्रेसष्ट पावलं जास्त, दिवसातून आठ वेळा, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, खांद्यावर हत्यारांची पेटी घेऊन. कामाच्या माणसाचा असा वळसा फुकटचा नसतो.

हे बौद्ध देऊळ क्योतोच्या उत्तरेला डोंगरातल्या एका गावात आहे, सहाशे वर्षांचं. दुरुस्तीसाठी त्याचं छप्पर आणि वरचा सांगाडा खोलला होता. माझी मुलगी विभा तिथल्या विद्यापीठात जुन्या लाकडाची वलयं मोजून त्याचं वय ठरवते. मी तिच्याकडे तीन महिने होतो. रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस घरी टीव्ही बघत बसत नाही, म्हणून तिच्याबरोबर जायचो. तिथले सुतार होरिकावा-सान मला ‘ओतोसान’ म्हणत. विभाचे बाबा, म्हणून त्यांचेही बाबा. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

तिथला नियम मला पटला होता. कुजलं असेल तेवढंच कापायचं, नवा तुकडा सांधायचा, आणि त्या तुकड्याच्या आतल्या अंगावर दुरुस्तीच्या वर्षाचा डाग द्यायचा, तापलेल्या शिक्क्याने. दोनशे वर्षांनी कोणी खोललं, तर त्याची फसगत होऊ नये.

छपराचे चार कोपरे चार वाकड्या लाकडी हातांनी पेललेले. तीन हात तीनशे वर्षांपूर्वी बदललेले, जाड आणि बोजड. ईशान्येचा तेवढा नाजूक, आणि त्यावर डाग नाही. म्हणजे तो मूळचा, असं ठरलं. वलयंही जुनी निघाली. सोमवारपासून त्याच्या मापाने तीन नवे हात कापायचे आणि तीनशे वर्षांचे ते तीन काढून ठेवायचे.

शुक्रवारी मी त्या हातावरून तळवा फिरवला. देऊळ बांधलं तेव्हाचे सुतार भाल्याच्या पात्यासारख्या हत्याराने लाकूड तासत. त्याच्या उथळ, चमच्यासारख्या खुणा राहतात. साऱ्या देवळात त्या एका बाजूला कललेल्या. या एका हातावर उलट्या.

“विभा, हे डावखुऱ्याचं काम आहे.”

“बाबा, सहाशे वर्षांपूर्वी डावखुरे नव्हते का?”

“असतील की. एवढा एक हात तासला आणि जेवायला गेला तो गेलाच?”

ती हसली. खाली होरिकावा-सान रंधा ओढत होते, डाव्या हाताने. त्यांना मराठी येत नाही. पण माझा तळवा कुठे होता ते त्यांनी पाहिलं, आणि रंधा थांबला.

तीनच्या चहाला सगळे खाली गेले. मी वर एकटा राहिलो. तेव्हा त्या कोपऱ्यातून आवाज आला. टक, टक, टक. तिथे कोणी नव्हतं. वाळणारं लाकूड तडकतं तो आवाज मी ओळखतो. हा तो नव्हता. माणूस काठीने ठोकून लाकूड पोकळ आहे का पाहतो, तसा होता. मी घाईने उतरलो. मी जिन्यावर कधी घाई करत नाही.

होरिकावा-सान माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी बोटाने फळीवर तीनदा ठोकलं. मी मान डोलावली.

“ओतोसाननेही ऐकलं,” ते विभाला म्हणाले. “विभा-सान, बसा. सोमवारच्या आत सांगायला हवं.”

पुढचं विभाने मला मराठीत सांगितलं, एकेक वाक्य.

सन शहात्तरच्या दुरुस्तीत ते चोवीस वर्षांचे होते. मूळचा हात उतरवताना दोर नीट न बांधता घाई केली. तो दगडावर पडला आणि उभा चिरला. म्हातारे मुख्य सुतार तीन दिवस गावाला गेले होते. तेवढ्यात यांनी पाडलेल्या धान्यकोठाराची जुनी तुळई आणली, आठवणीने वाक काढला, खुणा उठवल्या, धूर देऊन रंग आणला. डाग दिला नाही.

“आणि मूळचा?” विभाने विचारलं.

“शेगडीत घातला. सहाशे वर्षं जुना, तरी सुगंध सुटला. तेवढ्यात मास्तर परतले. म्हणाले, वा, आज कसलं लाकूड जाळतोयस? मी म्हटलं, ढलप्या. त्यांनी हात शेकले.”

त्याच हिवाळ्यात मास्तर वारले. वर्षभराने होरिकावा-सान त्या कोपऱ्याखालून गेले, तेव्हा लाकूड ठोकून पाहायची मास्तरांची काठी वाजली. सत्तेचाळीस वर्षं वाजते आहे.

“वाक बरोबर आहे का?” मी विचारलं. मला तेवढंच महत्त्वाचं वाटलं.

“नाही,” ते म्हणाले. “जास्त आला. किती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. चूक एका कोपऱ्यात होती. सोमवारी ती चार कोपऱ्यांत जाईल.”

विभाने देखरेखीच्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते तासाभरात आले. ओरडले नाहीत. हात पुन्हा मोजला, टॉर्च लावून खुणा पाहिल्या, आणि होरिकावा-साननी मचाणावर चढू नये असं सांगितलं. कापायचं रद्द. तिन्ही जुने हात जागेवर राहणार. ईशान्येचाही राहणार, शहात्तर सालचा म्हणून. तो तेवढ्यापुरता खाली उतरवला; तेव्हाचा शिक्का कुठे मिळेना, म्हणून होरिकावा-साननी त्यावर पटाशीने वर्ष कोरलं. मी लाकूड धरून ठेवलं. अक्षरं एका खोलीची, एका उंचीची.

नोंद विभाने तिथेच लॅपटॉपवर लिहिली. त्यांनी ती वाचून दाखवायला सांगितली. तिने वाचली: मूळचा हात हरवला, आकार अज्ञात.

“हरवला नाही,” ते म्हणाले. “जाळला. कोणी, तेही लिहा.”

“नाव लिहायची पद्धत नाही, होरिकावा-सान.”

“मास्तरांना ढलप्या म्हणायचीही नव्हती.”

विभाने माझ्याकडे पाहिलं. तिने शब्द खोडला, ‘जाळला’ लिहिलं, आणि नाव कोणत्या अक्षरांनी लिहायचं ते त्यांना विचारलं.