गादीतला गोळा

गल्लीत सगळे त्यांना गादीमास्तर म्हणत. चाळीस वर्षं लोकांच्या गाद्या शिवल्या, पण स्वतः दुपारी आडवे व्हायचे ते फरशीवर. शिवून झालेली गादी अनवाणी पायांनी तुडवून बघायची, ही त्यांची पद्धत. आत कापसाचा गोळा राहिला तर तो तळपायाला कळतो, डोळ्यांना नाही. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा हे काम चार वर्षांच्या नातीकडे आलं. तिला सगळे भिंगरी म्हणत.

भिंगरीची शाळेतून मात्र तक्रार होती. एका जागी बसत नाही, पेन्सिल धरता येत नाही, सरळ रेघ येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत सुधारली नाही तर पुन्हा त्याच वर्गात बसवू, असं बाईंनी सांगितलं होतं. तिच्या आईने धसकाच घेतला.

"बाबा, उद्यापासून तिचं दुकानात येणं बंद. उड्या मारून कुणी शहाणं झालंय का?"

मास्तर लेकीला "बरं" म्हणाले आणि त्यांनी स्वतःचंच खरं केलं. लेक कामावर असली की शाळा सुटल्यावर नात दुकानात. उलट खेळ वाढला. मास्तर मुद्दाम एक घट्ट गोळा खोळीत लपवायचे. भिंगरीने गादीवर रांगून, लोळून, एका पायावर लंगडून तो हुडकायचा आणि कोपऱ्यातले टाके उसवून बाहेर काढायचा. आधी ती धपाधप पडायची, पण गादीवर पडून रडणार कोण? महिन्याभरात ती एका पायावर वीस अंक मोजेपर्यंत उभी राहू लागली. मास्तरांना तिचं इतकं कौतुक की गिऱ्हाइकाला चहा नंतर, आधी नातीचा तोल.

एकदा या कौतुकाच्या भरात गोळा काढायचाच राहिला आणि गादी गेली. तीही नेमकी बाईंच्या घरी.

तिसऱ्या दिवशी बाई टेम्पोत गादी घालून हजर. लेकीला नेमकी त्याच दिवशी सुट्टी, आणि मास्तरांचा डबा घेऊन ती भिंगरीसह दुकानात आलेली.

"मास्तर, काय भरलंय यात? पाठ धरली माझी."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. "चूक माझी. गोळा मीच लपवला होता, हिला शोधायला."

लेकीने कपाळाला हात लावला. भिंगरी तोवर चपला काढून गादीवर चढलीही होती. दोन पावलं, एक गिरकी, मग डाव्या पायावर थांबली. "इथे आहे." खाली बसून तिने टाक्याचं टोक चिमटीत धरलं, दोरा न तोडता एकेक टाका सोडवला आणि आत हात घालून अक्रोडाएवढा गोळा काढून बाईंच्या हातात ठेवला.

बाई तिच्या बोटांकडेच बघत राहिल्या.

"पेन्सिलीला हीच चिमटी लागते," त्या आईला म्हणाल्या. "हिला मागे ठेवायचं कारण नाही. घाई मलाच झाली होती."

आईने भिंगरीला उचलून घट्ट धरलं. तिला रडू आलं आणि हसूही.

बाई दारापर्यंत जाऊन परत फिरल्या. "मास्तर, शाळेसाठी एक मोठी गादी शिवाल?"

"शिवतो की. गोळे किती ठेवू?"

"वर्गात चोवीस मुलं आहेत," बाई म्हणाल्या.