टिळ्याची कड

राजकोटच्या भक्तिनगर वसाहतीत लाभुभाई पिठवांइतका देवभोळा कारागीर दुसरा नाही, असं वीसेक वर्षं सगळे धरून चालले होते. त्यात कारखान्याचे मालक जेरामभाई शेठ होते, त्यांची बायको मुक्ताबेन होती, कोपऱ्यावरचा चहावाला होता, आणि खरं बोलायचं तर शेवटी शेवटी खुद्द लाभुभाईही होते. माणूस थाप मारतो तेव्हा पहिली काही वर्षं ती थाप आहे हे त्याला आठवत असतं. पुढे लोक हात जोडायला लागले की त्यालाही ते खरं वाटू लागतं.

थाप समजायला आधी काम समजलं पाहिजे. जेरामभाईंकडे पंपाच्या बॉडी तयार होत. करवतीवर कापलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा सीएनसी मशीनच्या व्हाइसमध्ये, म्हणजे दोन जबड्यांच्या पकडीत, धरायचा, वरून अर्ध्यापर्यंत भोक पाडायचं, मग ठोकळा उलटा करून दुसऱ्या बाजूने उरलेलं अर्धं पाडायचं. दोन्ही अर्धी मधोमध अशी भेटली पाहिजेत की आतून जाणाऱ्या दांड्याला सांधा कळू नये. मशीनला डोळे नसतात. 'इथून मोज' असं एक ठिकाण तिला दाखवावं लागतं, त्याला सगळे झिरो म्हणतात. व्हाइसचा मागचा जबडा पक्का आणि पुढचा सरकता, म्हणून झिरो मागच्या जबड्यावरून घ्यायचा. गोम अशी, की करवतीचे ठोकळे एका रुंदीचे कधीच नसतात. एखादा केसभर जास्त, एखादा दोन केस कमी. तेव्हा पहिल्या बाजूला जी कड मागे टेकली होती, तीच कड उलटल्यावरही मागेच टेकली पाहिजे. पुढची कड मागे गेली की रुंदीतला सगळा फरक भोकात उतरतो आणि आत पायरी पडते. ती भोकात इतकी खोल असते की बोट तिथवर पोचत नाही. आणि ठोकळा तर सगळीकडून सारखा. एकदा टेबलावर ठेवला की त्याची मागची कड कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

लाभुभाईंना सांगता यायचं. मशीनशेजारी खोडियार मातेची तसबीर होती आणि तिच्यापुढे कुंकवाची डबी. पहिली बाजू झाली की लाभुभाई ठोकळा काढत, फडक्याने पुसत, करंगळी तेलात आणि मग कुंकवात बुडवून मागच्या कडेला बारीकसा टिळा लावत. उलटताना टिळा मागे जाईल असा धरत. एवढीच ती विद्या. हेच काम खडूच्या रेघेनेही झालं असतं, पण खडूची रेघ कोणीही वाचली असती.

सुरुवातीला नारण दोडियाने विचारलं होतं. नारण त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, शेजारच्या मशीनवर, हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. हे लाल लाल काय लावता, असं त्याने मावा चोळता चोळता विचारलं. लाभुभाई नवीन मशीनवर नुकते बसले होते. लुहाराच्या घरात घण मारून मोठा झालेला माणूस, शिक्षण सातवीपर्यंत, आणि मशीनच्या कंपनीच्या माणसाकडून ते झिरोचं प्रकरण शिकताना जीव मेटाकुटीला आलेला. जे इतक्या कष्टाने मिळालं ते फुकट कोणाला द्यायचं, हा विचार त्यांच्या मनात आला आणि तोंडातून निघालं, "मातेचं आहे. विचारू नये, हात जोडावा."

नारणने हात जोडले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी झाली.

नारणच्या मशीनवर दोन बाजूंचं काम दिलं की दहातले दोन नग वाया जायचे. लाभुभाईंचा एकही जात नसे. शेठ म्हणत, लाभुच्या हातावर माता बसली आहे. नारण बिचारा घरून नारळ आणून फोडायचा, तरी आत पायरी पडायचीच. हे लाभुभाई रोज बघत होते. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण वाईट वाटून घेण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही, आणि अशा वाईट वाटण्याची किंमत मी तरी शून्य धरतो.

मुक्ताबेनची गोष्ट वेगळी. तिने ते मनापासून घेतलं. आमच्या कारखान्यातून प्रत्येक नग मातेचा चांदलो, म्हणजे टिळा, लावून बाहेर पडतो, हे ती सोसायटीतल्या बायकांना अभिमानाने सांगे. कारखान्यात आली की टिळ्याला बोट लावून ते कपाळाला लावी. लाभुभाई अवघडून मान खाली घालत, आणि लोकांना ती नम्रता वाटे.

नारणने एकदा तोडगा काढला होता. पहिल्या बाजूला कोपऱ्यात एक बारीक भोक पाडायचं, आणि दुसऱ्या बाजूसाठी व्हाइसच्या बुडाशी त्या भोकात बसणारी पिन ठोकायची. ठोकळा चुकीच्या अंगाने ठेवला तर बसणारच नाही. मग कोणीही काम करो. शेठना पटत होतं. लाभुभाई म्हणाले, पिन झिजते, पिनेत कचरा अडकतो, आणि पिनेला माणसासारखी अक्कल नसते. शेठनी त्यांचं ऐकलं. 'कोणीही काम करो' हे शब्द मात्र लाभुभाईंच्या घशात बरेच दिवस हाडकासारखे अडकून राहिले.

अशी वर्षं गेली. लाभुभाई साठीला टेकले. त्यांची एकच इच्छा उरली होती, आणि ती शेठनी धनतेरसच्या दिवशी स्वतःच बोलून दाखवली. ते म्हणाले, "लाभु, तू नोकर म्हणून निवृत्त व्हायचं नाहीस. दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपंचमीला नव्या सालाचा मुहूर्त करू तेव्हा सगळ्यांसमोर तुला भागीदार जाहीर करतो. पाटीवर तुझं नाव येईल." त्या दिवशी लाभुभाई घरी गेले ते पायांना जमीन न लागता. बायको रंभाबेनला त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिने तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड केलं. घण मारणाऱ्या बापाचं नाव कुठेच लिहिलं गेलं नव्हतं. पिठवा हे नाव पाटीवर येणार होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या सगळ्या नगांची पहिली बाजू उरकली होती. ठोकळे टेबलावर रचून ठेवले होते, टिळे भिंतीकडे. दुसरी बाजू लाभपंचमीच्या मुहूर्तावर करायची आणि त्याच दिवशी माल गाडीत भरायचा, असं ठरलं.

लाभपंचमीला मुक्ताबेन सर्वांच्या आधी पूजेचं ताट घेऊन आली. ठोकळ्यांवर धूळ बसली होती, कुंकू काळवंडलं होतं. जुन्या सालाचं कुंकू नव्या सालात ठेवू नये, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. तिने दोन्ही सुनांना बसवून एकेक नग रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसून घेतला आणि परत जसाच्या तसा रचला. मग स्वतः प्रत्येकाला ताजा टिळा लावला. टिळा लावला तो समोर दिसणाऱ्या कडेला. पूजा करणारा माणूस भिंतीकडच्या बाजूला टिळा कशाला लावेल? लाभुभाई करतात ती मातेची सेवा आज आपल्या हातून घडली, या आनंदात तिचे डोळे भरून आले होते म्हणे.

लाभुभाई पांढरा सदरा घालून आले तेव्हा कारखाना माणसांनी भरला होता. साल मुबारक, साल मुबारक चाललं होतं. शेठनी त्यांना ओढून मशीनपाशी नेलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, आजपासून लाभु माझा भागीदार. गूळ-धणे वाटले गेले. लाभुभाईंनी डोळे पुसले, पहिला ठोकळा उचलला, आणि त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. टिळा भिंतीकडे नव्हता, समोर होता, आणि जरा ठसठशीत होता. आपला टिळा करंगळीचा असतो. हा अनामिकेचा.

इथे एक शब्द विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. हे टिळे कोणी लावले, एवढंच. पण विचारलं असतं तर कोणीतरी लगेच म्हटलं असतं, कोणी लावले याने काय फरक पडतो? आणि काय फरक पडतो हेच तर त्यांनी आयुष्यभर सांगितलं नव्हतं. त्यांनी मनाला समजावलं की सणामुळे आपणच त्या दिवशी जाडसर लावले असतील, आणि झाडलोट करताना कोणी ठोकळे फिरवले असतील. टिळा मागे जाईल असा ठोकळा धरला आणि बटण दाबलं.

मुहूर्ताचा पहिला नग न मोजता मातेपुढे ठेवायचा, ही तिथली रीत. तो फुलं वाहून तसबिरीपाशी गेला. दुसरा निघाल्यावर नारण म्हणाला, एकदा दांडा घालून बघूया का, गाडी थांबेल पाच मिनिटं. सगळे बघत होते. लाभुभाई म्हणाले, "नारण, आजच्या दिवशी मातेच्या टिळ्याची परीक्षा घेतोस?"

मुक्ताबेनने मान डोलावली. नारणने दांडा बाजूला ठेवला. माल भरून गेला.

आठवडाभराने सगळा माल परत आला. एकाही नगात दांडा जात नव्हता. गिऱ्हाइकाने पुढचं काम दुसरीकडे दिलं, आणि हे भक्तिनगरात सगळ्यांना कळायला एक चहा पुरला. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी लाभुभाईंना बाजूला घेऊन विचारलं, नुकसानीचं मी बघतो, फक्त हे झालं कसं ते सांग. लाभुभाईंनी तसबिरीपुढचा नग उचलून त्यात दांडा घालून पाहिला होता. तो अर्ध्यावर अडला होता. त्यांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, "डोळे गेले, शेठ. वय झालं."

शेठ भला माणूस. भल्या माणसाशी खोटं बोलू नये, कारण तो ते खरं धरून पुढच्या तयारीला लागतो. दुसऱ्याच दिवशी स्कूटरवर मागे बसवून त्यांनी लाभुभाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने औषध घालून, बॅटरी मारून तपासलं आणि म्हणाला, यांना मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही.

परतताना शेठनी चहाच्या टपरीवर स्कूटर थांबवली. "डोळे तर तुझे माझ्यापेक्षा बरे निघाले, लाभु. आता सांग."

मग लाभुभाईंनी सांगितलं. मागची कड, करंगळी, डबी, नारणला मारलेली थाप, सगळं. औषधाने बाहुल्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे शेठचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं. शेठनी चहा रकाबीत ओतला आणि प्यायचा राहून गेला.

"मालाचं सोड," ते म्हणाले. "मोठ्या सुनेला दिवस राहत नव्हते तेव्हा मुक्ताने तिला तुझ्या मशीनपाशी आणून उभं केलं होतं. तुझ्या हातून टिळा लावून घेतला. तू लावलास. तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"तेव्हा कसा बोलणार होतो, शेठ?"

"तेच," शेठ म्हणाले, आणि गार चहा ओतून दिला.

लाभुभाईंना कोणी काढलं नाही. काढलं असतं तर त्यांना निदान चिडता तरी आलं असतं. व्हाइसमध्ये नारणची पिन बसली. कोणीही ठोकळा उचलावा आणि कोणीही काम करावं, पायरी म्हणून पडेना. नारण सेटर झाला, म्हणजे सगळ्यांची मशीनं लावून देणारा. तो पूर्वीइतकाच आदराने बोलत होता, फक्त एकदा मावा चोळताना खाली बघत म्हणाला, "माझे किती नारळ गेले हो, लाभुभाई." लाभुभाई कानशीच्या टेबलावर बसून नगांच्या धारा मोडायला लागले. भागीदारीचा विषय ना शेठनी काढला, ना त्यांनी. घरी रंभाबेनने पाटीचं एकदाच विचारलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून परत विचारलं नाही.

मुक्ताबेन वर्षभर कारखान्यात आली नाही. तिला काय सांगितलं गेलं, किती सांगितलं गेलं, हे लाभुभाईंना विचारता येईना. वर्षभर ते तिच्या शब्दाची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तरी त्यांनी पदरात घेतल्या असत्या.

पुढच्या लाभपंचमीला ती आली. तेच ताट, तीच डबी, मागे दोन्ही सुना, मोठीच्या कडेवर मूल. तिने एकेका मशीनची पूजा केली आणि पहिली बाजू झालेल्या ठोकळ्यांच्या रचलेल्या ढिगापुढे येऊन थांबली. करंगळी कुंकवात बुडवली. मग वळून तिने कानशीच्या टेबलाकडे पाहिलं.

"लाभुभाई, कुठल्या कडेला लावू? मागच्या वेळी माझ्या हातून चुकलं."

आवाजात टोमणा होता की नव्हता, हे लाभुभाईंना तेव्हा कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही. सगळा कारखाना त्यांच्याकडे बघत होता. ते उठून उभे राहिले.

"कुठेही लावा, बेन. आता पिन आहे."

"मग पिनेलाच लावते," मुक्ताबेन म्हणाली.

ती वाकली, व्हाइसच्या बुडाशी त्या पिनेला बारीकसा टिळा लावला, आणि बोट कपाळाला टेकवलं. मग गूळ-धण्यांची वाटी घेऊन तिने पहिली चिमूट नारणच्या हातावर ठेवली. रांगेने वाटत वाटत ती लाभुभाईंपाशी आली तेव्हा त्यांनाही दिली, बाकीच्यांना दिली तेवढीच.