भूकंपाला न भिणारी गाडी

समस्त लातूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळवतो, की जपानी गाडीवर आंधळा विश्वास ठेवणारं गल्लीतलं पहिलं घर आमचं. काल क्लासबाहेर लेकीची वाट पाहताना एका कोऱ्या गाडीतून नव्या रेक्झिनचा वास आला, आणि भूकंपानंतरची ती दुपार आठवली.

आई कुठल्याच छपराखाली जायला तयार नव्हती. काका आपल्या नव्या जपानी गाडीचं दार उघडून म्हणाले, “वहिनी, ही कंपनी आधी कापडाचे माग बनवायची, मग गाड्या. जपानात जमीन सारखी हालती. यांची गाडी भूकंपाला भीत न्हाई. बसा.”

आई बसली. पाखरं एकदम गप्प झाली. वारा नव्हता, तरी आरशाला टांगलेली माळ डुलू लागली. इंजिन बंद, किल्ली काकांच्या खिशात. समोर आमचं घर सावकाश मागं-पुढं होत होतं.

आईच्या तोंडून निघालं, “भावजी, ब्रेक दाबा की.”