क्लचवरचा पाय

आमच्या साहेबांच्या ड्रायव्हरला ऑफिसात सगळे 'सावकाश' म्हणत. साहेबांची मधल्या आकाराची गाडी त्याने अकरा वर्षे चालवली. ते मॉडेल कंपनीने बंद केले, साहेबांनी नवी गाडी घेतली आणि ती स्वतःच चालवायचे ठरवून त्याला कामावरून कमी केले. जुनी गाडी आपण घ्यावी, भाड्याने फिरवून पोट भरावे, एवढाच बेत त्याच्याकडे उरला होता.

"आधी बाहेरच्या मिस्त्रीला दाखव, मागाहून कुरकुर नको," असे साहेबांनी बजावले. मिस्त्रीने गाडी फिरवून आणली, तेव्हा साहेब दारातच उभे होते.

"काका, बॉडी चकाचक आहे. पण क्लच पार जळालाय, आणि याचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. घेऊ नका."

"कशाने जळाला?" सावकाशने विचारले.

"चालवणाऱ्याने! अख्खा वेळ क्लचवर पाय ठेवून बसत असणार. कोण गाढव होता?"

साहेब खो खो हसले. "अरे, तुझ्यापुढेच उभा आहे की!"

मिस्त्रीने जीभ चावली. सावकाश खालच्या आवाजात म्हणाला, "जरा हिसका बसला तरी ओरडायचात, साहेब. म्हणून पाय तिथेच ठेवायचो."

"आता माझ्यावर ढकल! बरं झालं तुला काढलं ते. गाडी फाटकापाशी लावून जा, भंगारवाल्याला सोपं पडेल."

सावकाशने गाडी फाटकापाशी लावली, काचा वर केल्या आणि चावी साहेबांच्या हातात दिली. साहेब मिस्त्रीला नवी गाडी दाखवत होते.