लिवाची वाळू आणि गाडीच्या छतावरचा अँटेना

अबू धाबीच्या वाळवंटातल्या लिवाला जायचं आम्ही दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं. कारण एकच, तिथल्या वाळूत मोबाईल लागत नाही. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले त्या संध्याकाळी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आम्हाला लागला नव्हता. तेव्हापासून भारतातल्या सातच्या ठोक्याला, म्हणजे इथल्या साडेपाचला, नितीन आईला फोन करतोच.

शेवटी मीच सॅटेलाइट फोन भाड्याने घेतला. गाडीच्या छतावर त्याचा अँटेना बसवायला शारजात सावंत भेटले, मूळचे कुडाळचे. ते भोक पाडून पक्कं बसवू म्हणाले, पण पेढे वाटून आणलेल्या नव्या गाडीला भोक पाडायला नितीन तयार होईना. मग लोहचुंबकाचा अँटेना बसवला, वायर दाराच्या रबरातून आत घेतली. दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये.

"वहिनी, ह्याला फक्त मोकळं आभाळ लागतं. वर कायपण ठेवू नका," त्यांनी बजावलं.

शारजातल्या अल नहदाच्या घरून सकाळी सातला निघालो. मदिनत झायदला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी. तिथल्या मल्याळी हॉटेलात पराठा आणि मासळीची आमटी झकास मिळते. लिवाच्या वाळूचे डोंगर पाहून माझी बडबड चक्क थांबली.

साडेपाचला गाडीत बसून फोन लावला. "आई, नो सिग्नल," लेक म्हणाली. सहा वाजले. नितीनचा चेहरा उतरला होता, सामान आवरून परत फिरू म्हणाला. तो छतावरच्या कॅरियरवर चढला आणि तिथूनच माझ्याकडे बघत राहिला. वाळू जाऊ नये म्हणून दुपारी मीच अँटेनावर स्टीलची परात पालथी घातली होती! नवी वस्तू झाकल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्याला मी तरी काय करू? लाजेने मेल्यासारखं झालं.

परात काढताच फोन लागला. नितीन उशिराबद्दल माफी मागत सुटला. सासूबाईंनी त्याला थांबवलं. "नित्या, त्या दिवशी फोन लागला असता तरी बाबा गेलेच असते रे. तुझा काय दोष? सुखाने हिंड."

तो गाडीतच रडला. मीही रडले.

रात्र तिथेच काढून परत आल्यावर सावंतांकडे अँटेना उतरवला, फोन परत केला. लिवाला जरूर जा, पांघरुणं जास्त न्या, पहाटे थंडी बोचते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला नितीनने साताऱ्याला फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. मी धास्तावून त्याच्याकडे पाहिलं.

"भजनाला गेली असेल," तो म्हणाला आणि चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाऊन बसला.